मॅच पुढे ढकलली आहे

मागच्या गुरुवारी मी एक गुन्हा केला. संध्याकाळी साडेचारची मीटिंग साडेसहावर ढकलली. क्लायंटला साडेचार जमत नव्हतं, बस्स. ऐरोलीच्या एसीत बसून हे करायला चार सेकंद लागतात. माउसने एक निळा चौकोन उचलायचा आणि दोन घरं खाली सोडून द्यायचा. आठ जणांना मेसेज गेला. सात जणांनी अंगठा पाठवला. (पूर्वी अंगठा दाखवणं म्हणजे नाही म्हणणं होतं, आता हो म्हणणं असतं. असो.) आठवं उत्तर आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीचं आलं. ती रोज खोपोलीहून येते.

'चालेल सर. फक्त मग माझी गाडी जाईल.'

आता बघा, 'चालेल' आणि 'गाडी जाईल' एकाच मेसेजमध्ये! खोपोलीची एक लोकल चुकली की पुढचीसाठी प्लॅटफॉर्मवर बसून किती चहा प्यावे लागतात, ते कर्जतच्या पुढे राहणाऱ्यालाच माहीत. मी मोबाईल खाली ठेवला आणि एकदम २०१७ मध्ये जाऊन पोचलो. कारण हे 'चालेल' मी तेव्हा अख्ख्या एका सीझनभर ऐकलं होतं.

मी मूळचा नेऱ्याचा. नेरे म्हटलं की पनवेलकरांना शांतिवन आठवतं आणि मुंबईकरांना काहीच आठवत नाही. मग त्यांना सांगावं लागतं, 'गाढेश्वरच्या धरणावर भिजायला जाता ना? त्या वाटेवर.' मग चेहरा उजळतो. पनवेलहून सुकापूर मागे टाकलं की समोर माथेरानचे डोंगर दिसायला लागतात, आणि तुमची गाडी धरणावर जाणाऱ्यांच्या ट्रॅफिकमध्ये अडकते, तेच आमचं गाव. आता तिथे टॉवरच्या जाहिराती लागल्यात. मी कॉलेजात होतो तेव्हा रस्त्याला लागून भाताची खाचरं होती आणि गावाबाहेर गुरचरण. ते गुरचरण म्हणजे आमचं कूपरेज.

आमच्याकडे फुटबॉलचा सीझन ठरवायचा पाऊस. खाचरं कापून मोकळी झाली की त्यात क्रिकेट सुरू व्हायचं, अंडरआर्म, टेनिस बॉल, बक्षिसाला बोकड किंवा ट्रॉफी. ते मे महिन्यापर्यंत. जूनमध्ये पिच पाण्याखाली गेलं की फुटबॉल बाहेर निघायचा. हा काही नेऱ्याचा शोध नाही. मुंबईतही परंपरेने हेच चालत आलंय. कोरड्या दिवसांत मैदानं क्रिकेटवाल्यांची, पावसात फुटबॉलवाल्यांची. याला मोठा अपवाद १९४८ पासूनच्या कांगा लीगचा, ते भर पावसातच क्रिकेट खेळतात. थोडक्यात, मुंबईचा फुटबॉल ज्या पावसाच्या भरवशावर सुरू होतो, तोच पाऊस त्याचं टाइमटेबल उधळून लावतो. २०१७ मध्ये त्याने ते दोनदा केलं.

मी तेव्हा टीवायला, पनवेलच्या एका कॉलेजात. टीमचा सबस्टिट्यूट डिफेंडर, म्हणजे खरं तर बॅगा सांभाळणारा. पण आमची टीम त्या वर्षी सॉलिड होती. कॅप्टन सायन्सचा, अभ्यासात हुशार, मैदानात त्याहून हुशार. गोलकीपर कळंबोलीच्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला झोपायला यायचा. आणि आमचा हुकमाचा एक्का म्हणजे लेफ्ट विंगर. तो आमच्याच गावापलीकडच्या वाडीतला. पायात बूट सेकंडहँड, पण डाव्या पायाने चेंडू असा वळवायचा की समोरच्या डिफेंडरला आपण चुकून दुसऱ्याच मॅचला आलोय असं वाटावं. इंटरकॉलेजच्या पहिल्या दोन मॅचेस आम्ही ऑगस्टमध्ये जिंकलो. दोन्हीत मिळून चार गोल झाले, त्यातले तीन त्याचे.

आमचे सर फार बोलायचे नाहीत. पण दुसऱ्या मॅचनंतर त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, 'क्वार्टर-फायनल बघायला निवडीवाले येणार आहेत. नीट झोप. वडापाव खाऊ नकोस.' निवडीवाले म्हणजे विद्यापीठाच्या टीमसाठी मुलं हेरणारे. इंटरकॉलेजमधून विद्यापीठाची टीम, तिथून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथून अखिल भारतीय. वाडीतल्या मुलाला सर्टिफिकेट, ट्रॅकसूट आणि कदाचित नोकरीपर्यंत घेऊन जाणारी ही एकच शिडी आमच्या माहितीत होती. त्याने पुढचे दहा दिवस खरंच वडापाव खाल्ला नाही.

क्वार्टर-फायनल बुधवार, ३० ऑगस्टला होती.

तुमच्यापैकी जे मुंबईकर आहेत त्यांना २९ ऑगस्ट २०१७ आठवत असेलच. गणपतीचे दिवस, सकाळपासून धो धो, दुपारी लोकल बंद, लोक ट्रॅकवरून चालत घरी. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांना सुट्टी. रात्री कॅप्टनचा मेसेज, 'मॅच पुढे ढकलली आहे. तारीख कळवतील.' आम्ही काय केलं असेल? आनंद! गणपतीत दोन दिवस जास्त मिळाले, मोदक आले. विंगरने एकट्यानेच विचारलं, 'तारीख कधीची?'

तारीख आली, बुधवार, २० सप्टेंबर. आदल्या दिवशी, १९ ला संध्याकाळी, पुन्हा आभाळ फाटलं. २० सप्टेंबरला मुंबईत पुन्हा शाळा-कॉलेजं बंद. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा बुधवारीच! आमच्या गोलकीपरचं म्हणणं पडलं की बुधवार आपल्याला लाभत नाही, पत्रिका दाखवू. मैदान वाळायचं, इतर झोनच्या मॅचेस आटपायच्या, मधे दसरा. नवी तारीख लागली ११ ऑक्टोबर. परत बुधवार.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण मला ती कळायला बरीच वर्षं लागली. तारीख पुढे गेली की कागदावर बाकी सगळं तसंच राहतं. तीच दोन कॉलेजं, तेच मैदान, तोच रेफ्री. पण ऑगस्टमधली टीम ऑक्टोबरमध्ये अस्तित्वातच नसते. ऑगस्टमध्ये आमच्याकडे वेळच वेळ होता. ऑक्टोबरमध्ये काय काय होतं, बघा. कॅप्टनची प्रॅक्टिकल्स. गोलकीपरच्या गोडाऊनमध्ये दिवाळीचा माल, म्हणजे डबल ड्यूटी. आमच्या राइट बॅकला बहिणीच्या साखरपुड्याला अलिबागला जायचं होतं. आणि विंगरच्या घरची कापणी.

आमच्याकडे हळवं भात ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पिवळं होतं. त्यातच परतीचा पाऊस डोक्यावर. तयार भात आडवं झालं की दाणा शेतातच झडतो किंवा उगवून येतो. वर्षभराचं खाणं त्या आठ-दहा दिवसांवर असतं. सरांनी मला त्याच्या घरी पाठवलं, गाववाला म्हणून. त्याचे वडील ओटीवर विळ्यांना धार लावत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं, क्वार्टर-फायनल, निवड, भविष्य वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'कापणी काय तुमच्या कालेजला इचारून येते?'

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग कॅप्टनने फंडा काढला. शनिवार-रविवार, ७ आणि ८ ऑक्टोबर, अख्खी टीम नेऱ्याला. आपणच कापायचं! नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, सगळीकडून पोरं आली. निम्म्यांनी भात फक्त ताटात पाहिलेलं. पहिल्या तासाभरात तळहातांना फोड, दुसऱ्या तासात कंबर धरून बसलेले सहा जण. गोलकीपर रात्रपाळी करून थेट आलेला, तो बांधावर झोपला आणि कोणी त्याला उठवलं नाही. विंगर आणि त्याची आई आमच्या दुपटीने पुढे जात होते. वडील मागून आम्ही सोडलेली रोपं कापत येत होते आणि मान हलवत होते. पण रविवारी संध्याकाळपर्यंत झालं. सुकलेलं भात भारे बांधून खळ्यावर गेलं, उडवी रचून झाली. माऊलीने सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि सुकट घातली. वडील म्हणाले, 'जा रे बुधवारी. जिंकून या.'

सोमवारी दुपारी मेसेज आला. मैदान बुधवारी दुसऱ्या कुणाला दिलंय, म्हणून मॅच एक दिवस अलीकडे घेतली आहे. मंगळवार, १० ऑक्टोबर, सकाळी नऊ.

'प्रीपोन' हा शब्द म्हणे इंग्रजांना माहीत नाही. त्यांना त्याची गरज पडली नसावी. मंगळवारी कॅप्टनचं प्रॅक्टिकल होतं. बुधवारी मोकळा होता, म्हणून तर त्याने सगळं जमवलं होतं. त्याने दोन दरवाजे ठोठावले, दोन्हीकडून 'नियमात बसत नाही' आलं. ते खोटं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या कॅलेंडरप्रमाणे बरोबर होता. एवढंच की ती कॅलेंडरं एकमेकांशी बोलत नव्हती.

मंगळवारी पहाटेची पनवेल-सीएसएमटी पकडून आम्ही दहा जण निघालो. अकरावा अलिबागहून येणार होता, तो सेकंड हाफला पोचला. लेफ्ट बॅकला, म्हणजे विंगरच्या बरोब्बर मागे, मी. समोरची टीम होस्टेलवाली. मैदान त्यांच्या खोल्यांपासून पाच मिनिटांवर. त्यांचे तेच अकरा जण, ताजेतवाने, इस्त्रीची जर्सी. त्यांच्याशी नंतर बोलताना कळलं की ३० ऑगस्टला त्यांचे दोन मेन प्लेअर्स तापाने आडवे होते. तारीख बदलली म्हणजे त्यांचा सराव वाढला. आमची तारीख बदलली म्हणजे आमची टीम बदलली.

२-१ ने हरलो. आमचा गोल विंगरचा, पेटीच्या बाहेरून, डाव्या पायाने. कापणीने सुजलेल्या हातांनी त्याने फक्त एकदा टाळी वाजवली. त्यांचा विजयी गोल माझ्या बाजूने झाला. हे मी आजपर्यंत छापून आणलं नव्हतं.

पण खरी बातमी मॅचनंतर कळली. त्या दिवशी निवडीवाले कोणी आलेच नव्हते. सर पाण्याची बाटली हातात फिरवत म्हणाले, 'यादी शुक्रवारीच लागली. आंतरविद्यापीठच्या तारखा ठरलेल्या असतात, त्या आपल्यासाठी थांबत नाहीत. कॅम्प सुरू करायला हवा होता त्यांना.' म्हणजे आम्ही भात कापत होतो तेव्हाच निकाल लागला होता. खालची मॅच तीनदा हलली. वरची तारीख जागची हलली नाही. मधे जो होता तो चेपला गेला. सरांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याला विचारलं, 'आधी सांगितलं असतं तर आला असतास का?'

विंगरने थोडा वेळ विचार केला. 'आलो असतो, सर. पण शेत नसतं कापून घेतलं ह्यांच्याकडून. निम्मं भात तिथंच सांडलंय.'

आम्ही सगळे हसलो. हसायलाच हवं होतं.

पंधराच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कपची सेमी-फायनल झाली. स्पेनने मालीला ३-१ हरवलं. त्याच संध्याकाळची दुसरी सेमी-फायनल, ब्राझील-इंग्लंड, खरं तर गुवाहाटीला होती. पावसाने तिथलं पिच खराब झालं आणि फक्त दोन दिवस आधी मॅच कोलकात्याला हलवली. बघा, पाऊस फिफालाही सोडत नाही! फरक इतकाच की तिथे टीमसाठी विमान, हॉटेल, डॉक्टर, सगळं मॅचच्या मागोमाग हललं. इंग्लंडने ३-१ ने जिंकली आणि पुढे कपही नेला. गेलं ते गुवाहाटीकरांचं.

आणि कधीकधी तारीख हलत नाही, हेही तितकंच क्रूर असतं. २०२२ च्या जानेवारीत बायकांचा एशियन कप आपल्याकडे होता. २३ तारखेला त्याच डी. वाय. पाटीलवर भारत विरुद्ध चायनीज तैपेई. आपल्या कॅम्पमध्ये कोविड घुसला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा मुलीही उभ्या करता येईनात. मॅच पुढे ढकलली नाही. भारत स्पर्धेतूनच बाहेर. २०२३ च्या वर्ल्ड कपला जायचा रस्ता याच स्पर्धेतून होता, तोही बंद. घरच्या मैदानावर, एकही मॅच न हरता! त्या रात्री मी विंगरला फोन केला. तो म्हणाला, 'आपलं तर काहीच नाही रे.' मोठ्या दुःखाशेजारी आपलं ठेवून ते लहान करायची त्याची सवय जुनी आहे.

ढकलायची की नाही, यापेक्षा मला वाटतं, नियम कोणासाठी वाकतो ते बघावं. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे धर्मच. (त्यांचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, पण कॉलेजची पोरं ती पोरंच.) २०२० मध्ये 'बिग टेन' नावाच्या त्यांच्या गटाने ११ ऑगस्टला कोविडमुळे सीझन पुढे ढकलला, पाचेक आठवड्यांनी निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी खेळायला सुरुवात केली. ओहायो स्टेटच्या काही मॅचेस रद्द झाल्या आणि पाचच खेळता आल्या. गटाच्या फायनलला किमान सहा हव्यात असा नियम होता. मग काय, नियमच काढून टाकला! ओहायो स्टेट थेट राष्ट्रीय फायनलला पोचली आणि तिथे जानेवारी २०२१ मध्ये अलाबामाकडून ५२-२४ अशी सपाटून हरली. ओहायोची ती सीझनमधली आठवी मॅच होती, अलाबामाची तेरावी. म्हणजे नियम वाकवून दार उघडता येतं, पण न खेळलेल्या मॅचेस कुठून आणणार? आणि नियम वाकवायला तरी आधी ओहायो स्टेट असावं लागतं. नेऱ्याच्या वाडीसाठी कोण वाकवणार?

मला कोणाला दोष द्यायचा नाहीये. पाऊस पडला, मैदान भिजलं, मुंबईत मैदानं आहेतच किती? मी आयोजक असतो तर मीही ढकलली असती. पण प्रत्येक बदलाचं एक बिल असतं आणि ते टीममध्ये सारखं वाटलं जात नाही. ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे, गाडी आहे, होस्टेल आहे, त्याला ते दिसतही नाही. ज्याचा दिवस आधीच काठोकाठ भरलाय, त्याच्या नावावर सगळं चढतं. आणि तो 'चालेल' म्हणतो. नाही म्हणायला जी सवड लागते, तीच त्याच्याकडे नसते.

हां, तर गुरुवारची मीटिंग. मी तो निळा चौकोन परत उचलला आणि शुक्रवारी सकाळी अकरावर ठेवला. क्लायंट कुरकुरला. साहेबांनी विचारलं, 'एनी प्रॉब्लेम?' मी म्हटलं, 'खोपोलीची गाडी.' त्यांना कळलं नाही. चालेल!

आणि विंगर? तो आता नव्या विमानतळावर नोकरीला आहे. २०२५ च्या डिसेंबरात विमानं उडायला लागली, आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच पोरांना तिथे कामं लागली. त्याला शिफ्ट्स असतात, रोस्टर दर आठवड्याला नवं. शेताचा एक तुकडा अजून आहे, बाकीच्यात बिल्डिंगचा पाया खणलाय. आमची जुनी टीम महिन्यातून एकदा नेऱ्याला जमते. पूर्वी ठरलेलं होतं, दुसरा रविवार, सकाळी सात. गेल्या वर्षापासून आम्ही ते बदललं. आता त्याचं रोस्टर आलं की तारीख ठरते. मग कधी मंगळवारी पहाटे साडेपाचला, कधी शनिवारी दुपारी बाराच्या उन्हात. दर वेळी ग्रुपवर बोंबाबोंब होते. कॅप्टन आता बाप झालाय, तो ठाण्याहून येतो, तो तर शिव्याच घालतो.

या महिन्यात बुधवार आला. मी ऑफिसात हाफ डे टाकला, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. सगळे अकरा आले.